मुंबई एफसीची सात वर्षं

18 नोव्हेंबर 2025 ला ढाक्यात आपण फुटबॉलमध्ये बांगलादेशकडून 1-0 हरलो. त्यांच्याकडून हरायची वेळ 22 वर्षांनी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ग्राउंडवर गेलो. रेषा आखायच्या फक्कीचा डबा अजून हातातच होता, आणि पोरांना सोडायला आलेल्या पालकांच्यात विषय सुरू झाला होता. "काढा त्याला. आपल्या माणसाला झेपत नाही ते." ते "आपल्या माणसाला" दिवसभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण सांगलीत फुटबॉलवर एवढं कुणी बोलत नाही, तेव्हा वाचा.

आपला माणूस म्हणजे भारताच्या फुटबॉल संघाचा कोच खालिद जमील. जन्म कुवेतचा, पण फुटबॉल मुंबईचं. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी, हे त्याचे क्लब. मिडफिल्डला खेळायचा, भारताकडूनही खेळला. 2009 मध्ये बूट काढले आणि त्याच मुंबई एफसीचा कोच झाला. वय 32. ज्या पोरांबरोबर काल ड्रेसिंग रूममध्ये बसत होता, त्यांनाच आज संघाबाहेर ठेवायचं. हे किती अवघड असतं ते ज्यानं गल्लीतली टीम सांभाळलीय त्यालाही कळेल.

तिथं तो सात वर्षं होता. ट्रॉफी एकही नाही. म्हणून त्याच्यावर लिहिणारे सगळे 2017 पासून सुरुवात करतात. मला ही सात वर्षंच सगळ्यात महत्त्वाची वाटतात.

त्यातला एक सामना मी डोळ्यांनी बघितलाय. मुंबईत कूपरेज मैदानाचं काम चालू होतं, म्हणून मुंबईचा संघ पुण्यात बालेवाडीला खेळायचा. आमचे फुटबॉलचे सर म्हणाले, चल. रात्रीच्या एसटीनं निघालो, पहाटे स्वारगेट. बालेवाडीचं एवढं मोठं स्टेडियम आणि माणसं इतकी थोडी की खालून खेळाडू एकमेकांना हाका मारतात ते वरती स्पष्ट ऐकू येत होतं. मी गोलकडे बघत बसलेलो. सरांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "बॉल गेल्यावर बघ रे. बॉल पायात असताना सगळेच चांगले दिसतात." मग मी तेच बघायला लागलो. बॉल हातचा गेला की पुढचे दोघं तिथंच आडवे उभे राहायचे, बाकीचे मान खाली घालून मागं पळायचे, आणि चार-पाच सेकंदांत सगळा संघ बॉलच्या मागं. पुन्हा गेला, पुन्हा तेच. नव्वद मिनिटं. भारी खेळाडू विकत घ्यायला पैसे नसलेला संघ वरच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं कसा टिकतो, ते मला त्या दिवशी कळलं. सामन्याचा स्कोअर आज आठवत नाही, ते मागं पळणं आठवतं.

2016 मध्ये क्लबनं त्याला सोडलं. पुढच्याच मोसमात मुंबई एफसी शेवटच्या नंबरावर गेली आणि नंतर क्लबच बंद पडला. खालिद गेला मिझोरामला, ऐझॉलकडे. आदल्या मोसमात आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमधून, खाली घसरलेला क्लब, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत आत घेतलेला. जयेश राणे, आशुतोष मेहता ही मुंबईतली ओळखीची पोरं त्याच्याबरोबर होती. 22 एप्रिल 2017 ला घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 हरवलं, आणि 30 एप्रिलला शिलाँगमध्ये लाजाँगशी 1-1. ऐझॉल 37 गुण, मोहन बागान 36. ईशान्येतला क्लब पहिल्यांदाच देशाचा चॅम्पियन. मी घरात एकटा टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवत होतो. बॉल गेला की सगळे मागं, तेच काम. बालेवाडीत ते बघायला कुणी नव्हतं एवढंच.

पुढचं सगळं गोड नाही. कोलकात्यात ईस्ट बंगाल झालं, मोहन बागान झालं, फार टिकू दिलं नाही. 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडनं मोसमाच्या मध्यात तात्पुरता म्हणून संघ हातात दिला, आणि त्यानं तो आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) सेमीफायनलपर्यंत नेला. कुठल्याही भारतीय कोचला त्याआधी ते जमलं नव्हतं. पुढच्या मोसमात तोच संघ 11 मध्ये दहावा. मग जमशेदपूर, तिथं पुन्हा सेमीफायनल, सुपर कपची फायनल. आणि 1 ऑगस्ट 2025 ला भारताचा कोच.

तो आला तेव्हा आशियाई कपच्या पात्रता फेरीतले दोन सामने होऊन गेले होते आणि आपल्या खात्यात एकच गुण होता. शिलाँगमध्ये बांगलादेशशी 0-0, हाँगकाँगमध्ये 0-1. हे बोलताना सगळे विसरतात. आल्या आल्या काफा नेशन्स कप या वेगळ्या स्पर्धेत ताजिकिस्तानात ताजिकिस्तानला 2-1 हरवलं, ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला. तेव्हा हेच पालक मला अभिनंदनाचे मेसेज करत होते.

त्याची चूक नाही असं मी म्हणत नाही. पात्रता फेरीतच मडगावला सिंगापूरविरुद्ध आपल्या छांगतेनं 14व्या मिनिटाला गोल केला होता. पुढं असताना सामना राखायचा, हेच तर खालिदचं आयुष्यभराचं काम. तिथं आपण 1-2 हरलो आणि आशियाई कप हातचा गेला. मला त्या रात्री झोप आली नाही. रागही आला, त्याच्यावरच आला.

पण राग येणं वेगळं आणि "आपल्या माणसाला झेपत नाही" म्हणणं वेगळं. परदेशी कोच हरला की आपण म्हणतो खेळाडू कच्चे आहेत, सिस्टीम खराब आहे. आपला हरला की त्याची लायकीच काढतो.

हे मी सांगलीत जवळून बघितलंय. आमच्या सरांनी इथल्या एका शाळेत नऊ वर्षं पोरं घडवली. मानधन नावापुरतं. सरावाचे बिब (जर्सीवर घालायची बनियनं) स्वतः घरी धुवून आणायचे, कोन नव्हते तर तेलाच्या डब्यांचे तळ कापून आणायचे. एका वर्षी जिल्ह्याच्या पहिल्याच फेरीत संघ हरला आणि पुढच्या महिन्यात सरांना थांबा म्हणून सांगितलं. बाहेरगावाहून नवे कोच आले, आठवड्यातून दोनदा यायचे. दोन वर्षांत शाळेत फुटबॉलच उरलं नाही. त्यातली चांगली पोरं आज कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल संघांकडून खेळतात. आपण पन्नास किलोमीटर जाऊन शाहू स्टेडियमवर त्यांना टाळ्या वाजवतो आणि म्हणतो, कोल्हापूरच्या मातीतच आहे बघा. माती आपल्याकडं पण तीच आहे हो. त्यांनी माणसं टिकवली.

त्यामुळं खालिदला आत्ता काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढच्या पात्रता फेरीची पूर्ण तयारी त्याच्या हातून होऊ दे, खेळाडू त्याला हवे तेवढे दिवस कॅम्पला मिळू देत, मग हिशेब मागा. मीही मागेन.

पात्रता फेरीतला हाँगकाँगविरुद्धचा शेवटचा सामना 31 मार्च 2026 ला आहे. जिंकलो तरी आपण पुढं जाणार नाही. तरी चौदा वर्षांखालच्या सगळ्या पोरांना घेऊन तो सरांच्या घरी बघायचं ठरवलंय. सरांना आता लांबचं नीट दिसत नाही, म्हणून टीव्ही पुढच्या खोलीत खुर्चीजवळ ओढून घेणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी कळवा, सतरंज्या तेवढ्या लागतील.