प्रतिक्रियेला उत्तर: साहेब कोण आहे त्याने फरक पडतो का?

काका (तुम्ही नेव्हीतून रिटायर होऊन आता पेडण्याला असता असं लिहिलंत म्हणून काका म्हणतोय, राग नसावा), कमेंट सविस्तर आहे तेव्हा उत्तरही लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मागच्या लेखात मी नुसती ऑफिसरांची आरती ओवाळली, जवानाचं मनोबल टिकतं ते दारूगोळा, रेशन आणि वेळेवर मिळणाऱ्या सुट्टीवर, आणि १९६१ला गोव्यात पोर्तुगीज आपल्या सैन्यापुढे हरले ते संख्येमुळे, साहेब कोण होता त्याने काडीचा फरक पडला नाही.

संख्येचं शंभर टक्के मान्य. आपले ४५ हजारांच्या घरात, त्यांचे साडेतीन हजारांच्या आसपास, नेपोलियन आणून बसवला असता तरी गोवा सुटणारच होता. पण माझा मुद्दा निकालाचा नव्हताच, हरणार हे माहीत असलेला शिपाई कुठे लढतो आणि कुठे बंदूक खाली ठेवतो हा होता. १४ डिसेंबरला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने लिस्बनहून तार ठोकली, शरणागती नाही, आमचे सैनिक एकतर जिंकलेले असतील नाहीतर मेलेले. तिकडे खुर्चीत बसून! हे ऐकून कुणाच्या अंगात बळ येणार? जमिनीवरच्यांनी डिचोली, अस्नोड्याचे पूल उडवले आणि मागे सरकत राहिले, १९ तारखेला गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर वासालो ई सिल्व्हाने शरणागतीवर सही करून टाकली. त्याला मी हिरो केलं नाही हो, वसाहतीचाच नोकर तो, पण स्वतःची माणसं फुकट मारली नाहीत एवढं म्हणायला आपलं काय जातंय.

आता त्यांचंच गोव्यातलं लढाऊ जहाज 'आफोन्सो द आल्बुकेर्क' घ्या. तुम्हा नेव्हीवाल्यांना मी काय सांगणार, १९३४ साली पाण्यात उतरलेलं जुनं धूड, समोर आपल्या युद्धनौका बेतवा आणि बियास, दोन्ही नव्याकोऱ्या. लिस्बनची तार तीच, हालत तीच, तरी ते लढलं, कॅप्टन आरागांव जबर जखमी झाला आणि बांबोळीच्या किनाऱ्याला लागेपर्यंत तोफा चालू होत्या. (जहाजावरून पळणार कुठे, असं तुम्ही म्हणाल, आणि त्यात तथ्य आहे, पण जहाजावर पांढरं निशाण पहिल्या गोळ्यालाही चढवता येतं.)

रेशन-सप्लायवरच यायचं तर दुसऱ्या महायुद्धातली बर्माची आघाडी बघा, इंग्रजांच्या फौजेची. १९४३ ला तिथे एका जखमी जवानामागे १२० जण आजारी पडून मागे जात होते, मलेरियाने तर हैदोस घातलेला. मलेरियावरच्या मेपाक्रिनच्या गोळ्या आल्या, म्हणजे तुमचा सप्लाय झाला, पण पोरं त्या खाईनात, मर्दानगी जाते अशी अफवा होती. तिथला इंग्रज सेनापती जनरल स्लिमने जवानांच्या मागे लागण्याऐवजी अचानक तपासण्या सुरू केल्या, पलटणीत गोळी घेतलेले ९५ टक्क्यांच्या खाली भरले की तिचा सीओच (कमांडिंग ऑफिसर) घरी. तीन सीओ गेले आणि बाकीचे आपोआप वठणीवर आले. शिवाय पुढच्या तुकड्या अर्ध्या रेशनवर असल्या की हेडक्वार्टरचं जेवणही अर्धं. त्याने पुढच्याचं पोट भरत नाही, पण 'साले मागे बसून हादडतायत' ही शिवी तरी बंद होते. म्हणजे टंचाई होतीच, ती कुणाच्या ताटात किती वाढायची हे साहेबाच्या हातात होतं.

राहिली खुकरी, १९७१च्या युद्धात बुडालेली आपली युद्धनौका. तिच्या कॅप्टन मुल्लांनी जहाजाबरोबर जाणं ही जुनी इंग्रजी फॅशन, अनुभवी माणूस वाया गेला, असं तुम्ही म्हणता. अर्धं पटतं मला. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ १८ ऑफिसर आणि १७६ नाविक गेले, त्यात आणखी एक जीव वाचला असता तर कुणाला नको होतं? पण त्यांनी आपलं लाईफजॅकेट एका नाविकाला दिलं, पोरांना बाहेर काढत राहिले, मी लिहिलं ते त्याबद्दल, बुडण्याबद्दल नाही.

आणि आता तुम्हालाच विचारतो. तुमच्या जहाजावर रेशन तर सगळ्या कॅप्टनांच्या वेळी सारखंच असणार, मग एका साहेबाची बदली झाली की मेसमध्ये तोंडं का पडायची, आणि दुसऱ्याची झाली की गुपचूप पार्टी का व्हायची? लिहा जरूर, फक्त नावं नका घेऊ.