केस कुठे गेले, असं विचारणाऱ्यांना

आज एका लग्नाला गेले होते, फोंड्याच्या बाजूला, देवळाच्या सभागृहात. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे आमच्या ओळखीतली एक मुलगी होती. पंचविशीतली, नुकतीच नोकरीला लागलेली. केसांत आबोलीची फाती माळलेली, आणि ती घसरू नये म्हणून गरजेपेक्षा जास्तच पिना लावलेल्या. तिच्या मागच्या बाईंनी तिच्या भांगावर बोट ठेवलं. खरोखरचं बोट. आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कितें गो हें, केंस खंय गेले तुजे?"

पोरगी हसली. दुसरं काय करणार होती? मग रांगेत तेलांचा लिलाव सुरू झाला. एकीची जास्वंद, दुसरीचा कांद्याचा रस, तिसरीच्या सुनेने कुठलं तरी तेल मागवलं आणि म्हणे महिन्याभरात वेणी आली. मुलीने सोलकढीचा पेला तेवढा घेतला आणि बाहेर गेली. मी घरी येऊन साडीसुद्धा न बदलता हे लिहायला बसलेय. भाषा कडक वाटली तर वाटू दे.

वजन, रंग, 'लग्न कधी', 'पाळणा कधी', यावर चारचौघांत बोलू नये एवढं तरी आपल्यातल्या बऱ्याच जणांना आता कळायला लागलंय. केस मात्र अजून गावकीचे. कोणीही यावं, हात लावावा, औषध सांगावं.

औषधाचं म्हणाल तर माझ्या भावाची गोष्ट ऐका. शाळेत असताना त्याला चाई पडली. डोक्यामागे रुपयाएवढा गोल, गुळगुळीत डाग. वाड्यावर एकमत झालं की किडा लागलाय, तो केस खातो. पलीकडच्या गावचे एक औषधवाले बोलावले गेले. त्यांनी बिब्बा लावला, म्हणजे कातडी भाजून काढणारं त्या झाडाच्या फळाचं तेल. बिब्बा काय असतो हे ज्यांना माहीत आहे त्यांच्या अंगावर आत्ता काटा आला असेल. रात्रभर पोरगं उशीला डोकं टेकवू शकलं नाही, सकाळी तिथे फोड. 'किडा मरतोय, म्हणून जळजळतं' असं आम्हाला समजावण्यात आलं.

किडाबिडा काही नसतो. चाई म्हणजे आपल्याच शरीराची संरक्षण यंत्रणा केसांच्या मुळांवर उलटते. संसर्ग नाही, कोणाच्या कंगव्याने लागत नाही. डाग लहान असेल तर पुष्कळदा वर्षाच्या आत केस आपोआप येतात. लहान मुलांत तसाच गोल डाग बुरशीनेही पडतो, पण त्यात कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात, केस मधेच तुटतात, तो एकाचा दुसऱ्याला लागतो आणि त्याला पोटातून गोळ्या लागतात. दोन्ही वरवर सारखेच. फरक कोणी सांगायचा? रांगेतल्या काकीने?

शेवटी बाबा त्याला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, घेऊन गेले. त्वचेच्या ओपीडीत डॉक्टरांनी डोकं उजेडात धरून नीट पाहिलं आणि डागातच बारीक सुईने स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. काही आठवड्यांनी त्या जागी पांढरी लव दिसायला लागली. आई घाबरली, पोरगं म्हातारं होतंय की काय! पण चाईवर केस परत येताना आधी पांढरे येऊ शकतात, मग काळे होतात. तसंच झालं. सगळीकडे केस आले, फक्त बिब्ब्याने भाजलं होतं त्या जागी आले नाहीत. तिथे आजही नखाएवढी चकाकती जागा आहे. आजाराने नेलेले केस आजाराने परत दिले, औषधवाल्याने नेलेले गेलेच. त्वचेवर वण पडला की खालचं मूळ मरतं, मग तिथे कुठलंही तेल ओता.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, बाकी सगळं त्यातच आलं. आधी कुठल्या प्रकारचं केस गळणं आहे ते कळू दे, आणि ते कळेपर्यंत गप्प बसा. ताप आला की आपण लगेच विचारतो ना, डेंग्यू की मलेरिया की साधाच? केसांच्या बाबतीत तेवढंही नाही. सरसकट खोबरेल.

त्या मुलीला काय झालंय ते मला माहीत नाही, आणि बोट ठेवणाऱ्या बाईंनाही माहीत नव्हतं. थायरॉइड असेल, पीसीओडी असेल, अंगात लोह कमी असेल. हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून लोहाचा साठाही ठीक, असं नसतं. तो फेरिटिन नावाच्या रक्ततपासणीत कळतो. किंवा घराण्यातूनच भांग रुंद होत जाण्याची ठेवण असेल. बायकांना टक्कल पडत नाही हा एक गोड गैरसमज आहे. पडतं. पुरुषांसारखं कपाळ मागे सरकत नाही, भांगाच्या दोन्ही बाजू विरळ होतात एवढंच.

आणि मोठ्या तापानंतर, ऑपरेशननंतर, बाळंतपणानंतर, उपाशी राहून वजन उतरवल्यावर जे मूठमूठ केस जातात ते वेगळेच. तेव्हा पुष्कळ केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. तोवर डेंग्यू विसरलेला असतो आणि शॅम्पूला शिव्या बसतात. कोविडनंतर घराघरांत हे झालं. आमची आजी म्हणायची, बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात. तिचा हिशेब बरोबर होता, मान्य. बाळ हसतं आणि केस गळायला लागतात ते साधारण एकाच सुमाराला. पण आजी पुढे गप्प बसायची, हे महत्त्वाचं. हे केस बहुतेक वेळा सहाएक महिन्यांत परत धरायला लागतात. काही न करता.

'काही न करता' यावर माझं डोकं फिरतं. माझी चुलत बहीण डेंग्यूनंतर घाबरून एका चकचकीत क्लिनिकमध्ये गेली. रक्त तपासलं नाही, ताप कधी आला होता विचारलं नाही, थेट पॅकेज आणि महिन्याचे हप्ते. डोक्यात इंजेक्शनं. केस आले! येणारच होते. आता तिचे 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो तिथल्या काउंटरवर दिमाखात आहेत आणि हप्ते अजून चालू आहेत. भाजणाऱ्या बिब्बेवाल्यात आणि एसी लावून बसलेल्या या बिब्बेवाल्यात फरक एवढाच की पहिला निदान दक्षिणा म्हणून नारळ घेऊन गेला होता.

सगळेच डॉक्टर तसे नसतात, हो, माहीत आहे. पुढे.

पुरुषांचं टक्कल हा बहुतांशी हार्मोनचा आणि वंशाचा खेळ. डीएचटी नावाचा हार्मोन, त्याला संवेदनशील असलेली मुळं, आणि मग प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक होत जाणारा केस. 'आईच्या वडिलांकडे बघ' म्हणतात ते अर्धंच खरं, दोन्ही घराण्यांतून येतं. यावर औषधं आहेत आणि ती जादूची नाहीत. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून डोक्याला लावून पाहिलं, आणि अमेरिकेत 1988 साली त्याला या कामासाठी मान्यता मिळाली. सुरुवातीचे काही आठवडे उलट जास्तच केस गळू शकतात, तिथेच लोक बाटली फेकतात. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, आणि सोडलं की मिळवलेलं जातं. घरात मांजर असेल तर जपून, हे औषध मांजरांना विषारी आहे. लावल्यावर हात धुवा आणि मांजराला उशीवर झोपू देऊ नका. (आपल्याकडे कोणाच्या उशीवर मांजर नसतं, सांगा!) फिनास्टेराइडची एक मिलिग्रॅमची गोळी पुरुषांसाठी, 1997 पासून. काहींना लैंगिक तक्रारी होतात, म्हणून डॉक्टरांशी बोलूनच. गरोदर बाईने ती अजिबात घेऊ नये. आणि प्रत्यारोपणात डोक्यामागचे टिकाऊ केस पुढे लावतात, पण पुढचे जुने केस त्यानंतरही जातच राहतात, हे जाहिरातीत सांगत नाहीत.

तेल लावू नका असं मी म्हणत नाही. घाण्याचं खोबरेल केसाला चांगलंच, केस कमी तुटतात. मीही लावते. पण ते बाहेर दिसणाऱ्या केसाचं झालं. मुळाशी चाललेलं हार्मोनचं भांडण तेलाने मिटत नाही. बोअरच्या पाण्याचंही तेच, केस राठ होतील, टक्कल पडणार नाही.

आणि हेल्मेट! गोव्यात निम्मी जनता दुचाकीवर आणि त्यातली निम्मी 'केस जातात' म्हणून हेल्मेट कोपराला अडकवून फिरते. घामट, न धुतलेल्या अस्तराने खाज येईल, कोंडा वाढेल. ते मान्य. अस्तर धुवा. केसांसाठी कवटी उघडी टाकून महामार्गावर जाणाऱ्या माणसाशी मी आणखी काय बोलणार?

बुलढाणा आठवतं? 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस दोन-तीन दिवसांत हातात यायला लागले. आपण काय केलं? 'टक्कल व्हायरस' म्हणून विनोद फॉरवर्ड केले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम नावाच्या खनिजाच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवलं. तोवर तिथल्या पोरापोरींनी डोकी झाकून दिवस काढले. आपण इथे चहा पीत हसत होतो.

भाऊही तसाच डोकं झाकून वावरला होता. चाईच्या त्या वर्षी जत्रेच्या नाटकात तो बाल शिवाजी होता. जिरेटोप चढवला आणि कितीतरी दिवसांनी पोरगं मान वर करून चाललं. नाटक पहाटे संपलं तरी टोप काढेना. ड्रेपरीवाला, म्हणजे नाटकाचे पोशाख भाड्याने देणारा, सामान बांधून टेम्पोत बसला, हॉर्न मारतोय, आणि हा मांडवात खांब धरून उभा, मोत्यांचा तुरा एका बाजूला लोंबतोय. ड्रेपरीवाला खाली उतरला, त्याने ओरडाओरडा केला नाही. म्हणाला, "राहू दे रे बाबा, परवा वाळपईला नाटक आहे, तेव्हा नेतो." इतकं साधं असतं खरं तर. त्याने कारणही विचारलं नाही.

आता भावाचे केस पुढून नेहमीसारखे, वयाने आणि वंशाने चाललेत. त्याने औषधाचा विचार केला, नको म्हणाला, ट्रिमर आणला. तो खूश आहे. दुसरा कोणी औषध घेईल, कोणी विग लावेल, कोणी स्कार्फ बांधेल. ज्याचं डोकं त्याचा निर्णय. 'बाह्य रूपाला काय महत्त्व' हा उपदेश तर कृपा करून नकोच. तो नेहमी भरघोस केसांची माणसं करतात.

प्रेमाने विचारतात काही जण, कळतं मला. आमची आईसुद्धा त्यातलीच. मग प्रेमाने एकांतात विचारा, "डॉक्टरकडे जायचं तर मी येऊ का सोबत?" गोमेकॉत केसपेपर काढायला, रांगेत जागा धरायला माणूस लागतं. तिथे उभं राहण्याचा उत्साह मात्र लग्नातल्या रांगेएवढा नसतो कोणाला.

ज्यांना काही विचारायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये या. मी डॉक्टर नाही, पण कुठल्या ओपीडीत जायचं एवढं सांगू शकते. कमेंटमध्ये तेलाच्या बाटलीचा फोटो टाकणाऱ्याला अनफ्रेंड करणार आहे. घरच्या जास्वंदीच्या तेलाचा असला तरी. आणि आई, तू टाकलास तरी.