रमाबाईंची श्रद्धा अपुरी होती का?

नमस्कार,

पंडिता रमाबाईंवरच्या माझ्या लेखावर तुम्ही कडक आक्षेप घेतलात. तुमचं म्हणणं असं, की त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे ख्रिस्ती तत्त्व, न मानणाऱ्या श्रद्धेला श्रद्धा म्हणताच येत नाही. आईची माया कितीही खरी असली तरी तिने चुकीचं औषध पाजलं तर मूल दगावतंच. मुद्दा वजनदार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आई-वडील दुष्काळात गेलेले, नवरा कॉलऱ्याने गेलेला, पदरी लहानगी मनोरमा. येशूवर त्यांचं मन बसलं होतं, पण त्रैक्याचं तत्त्व पटत नव्हतं. अथनेशियन मतांगीकार, म्हणजे त्रैक्य मांडणारा चर्चचा जुना श्रद्धा-जाहीरनामा, तर त्यांच्या गळी उतरेना. तो न मानणाऱ्याचा कायमचा नाश होईल, असं त्यात स्पष्टच म्हटलंय. वाँटेजच्या मठातल्या त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डाइन यांना हा रमाबाईंचा अहंकार वाटला. १८८५ च्या पत्रात रमाबाईंनी ठणकावून कळवलं, की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने नुकतंच उतरवलंय, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही. मनोरमाला काय शिकवायचं यावरूनही दोघींचं वाजलं. तरी रमाबाई त्यांना ‘आजीबाई’च म्हणत राहिल्या, आणि आजीबाईंनी ही पत्रं जपली म्हणून तर आज आपण त्यांवर वाद घालू शकतो. त्या माऊलीबद्दल माझ्या मनात आकस नाही.

आता तुमचं औषध. ते बरोबर की चूक, हे रोग्याकडे बघूनच कळतं ना? मार्च १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. तुम्हाला अपुरी वाटते ती हीच श्रद्धा घेऊन. तिथे शिकलेल्या गोदूबाई या विधवा मुलीचं १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं. केशवपन करून कोपऱ्यात बसवलेल्या मुली तिथे पुस्तक घेऊन बसल्या. या मायेला मी वाया गेलेली म्हणू शकत नाही.

‘शेवटी त्या रूढ मतावर आल्याच ना?’ असंही तुम्ही विचारलंत. आल्या. १८९१ च्या सुमारास त्यांना जो आध्यात्मिक अनुभव आला, त्याबद्दल त्यांनी स्वतःच लिहिलंय. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. त्याची जुळणी-छपाई तिथल्या मुलीबाळींनी केली. शब्दाशब्दासाठी एवढं झिजणाऱ्या बाईला सिद्धांताची पर्वा नव्हती, असं मी कसं म्हणेन? पण तिथवर त्या आपल्या पायांनी चालत गेल्या. नाशाची भीती घालून त्यांना कुणी नेलं नाही, नेऊ शकलंही नसतं.

तेव्हा माझाही एक प्रश्न आहे. १८८५ मधल्या रमाबाई तुमच्या चर्चमध्ये आल्या असत्या, तर प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, वेळी तुम्ही त्यांना मागच्या बाकावर थांबवलं असतं का? याचं उत्तर मला मनापासून हवं आहे.