बेळगावच्या पावसाला न विचारता काढलेला आराखडा

आमच्या भागात उभ्या राहणाऱ्या एका मुस्लिम सांस्कृतिक भवनाचे संकल्पचित्र आज सकाळी मोबाईलवर आले आणि दिवसभर मन अस्वस्थ राहिले. फायबरचा सोनेरी घुमट, निळ्या काचेच्या भिंती आणि छज्जा कुठेच नाही. बेळगावात असे चित्र काढणाऱ्याने इथला आषाढ पाहिलाच नसावा.

माझे आजोबा गवंडी होते. लहानपणी त्यांनी मला विजापूरचा इब्राहिम रोजा, म्हणजे इब्राहिम आदिलशहाची कबरवास्तू, दाखवला, तेव्हा कोरीवकामाकडे वळण्याआधी दगडी ब्रॅकेटांवर पेललेल्या रुंद छज्ज्याखाली मला उभे केले आणि म्हणाले, "बघ बाळा, ऊन भिंतीला लागत नाही." ती वास्तू आदिलशाहीची, पण दख्खनच्या काळ्या दगडातली आणि दख्खनच्या उन्हाला ओळखणारी.

इस्लामी वास्तू म्हणजे घुमट आणि मिनार, हे कुणी ठरवले? कोझिकोडची चौदाव्या शतकातली मिश्काल मशीद लाकडाची, उतरत्या छपरांची आहे, कारण केरळात पाऊस तसाच कोसळतो. ढाक्यात वास्तुविशारद मरीना तबस्सुम यांनी 2012 मध्ये पूर्ण केलेल्या बैत उर रौफ मशिदीला घुमट नाही, मिनार नाही. विटांच्या जाळीतून वारा आणि छतातल्या छिद्रांतून प्रकाश आत येतो. तिला 2016 चा वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. या वास्तू परक्या वाटतात का कुणाला?

घुमट दुरून ओळखू येतो आणि लोकांना तो हवासा वाटतो, हे मान्य करतो. मग हवा तर घुमटही बांधा, पण खरा बांधा, आणि भिंतींवर आजोबांनी दाखवला तसा छज्जा द्या. जांभा इथेच मिळतो, खानापूरची माती विटा-कौलांसाठी नावाजलेली आहे. ते सोडून काचेच्या पेटीत लोकांना कोंडून वर एसीचे बिल भरायचे, याचा मला खरोखर संताप येतो.

राग चित्रकारावर नाही, त्याला जे मागितले ते त्याने दिले असेल. वाईट याचे वाटते की पिढ्यान्पिढ्या इथेच राहणाऱ्या, घरात दख्खनी आणि बाजारात मराठी-कन्नड बोलणाऱ्या माणसांचे भवन मात्र कुठल्याही विमानतळाशेजारी शोभेल असे निघाले. मित्रहो, तुमच्यापैकी कुणाची त्या समितीत ओळख असेल तर एवढेच सांगा, की आराखडा पक्का करण्यापूर्वी एकदा इब्राहिम रोजाच्या छज्ज्याखाली भर दुपारी उभे राहून या आणि खानापूरच्या एखाद्या जुन्या गवंड्याला बैठकीला बोलवा.