"माझ्याकडे तर डबल इक्वल चालतं!" या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करतो. तुमचं म्हणणं असं, की सी या प्रोग्रामिंग भाषेत दोन पॉइंटरांना (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या चलांना) "कऱ्हाड" हाच शब्द दिला, == हे सारखेपणा तपासणारं चिन्ह लावलं आणि प्रोग्रामने 'सारखे' छापलं. म्हणजे 'सीमध्ये == ने स्ट्रिंगची (अक्षरांच्या ओळीची) तुलना होत नाही' हे माझं वाक्य खोटं, आणि मी नवशिक्यांना उगाच घाबरवतो.

वाक्य ढिसाळ होतं, मान्य. तुलना होते, पण पत्त्यांची. पॉइंटरमध्ये अक्षरं नसतात, ती मेमरीत जिथून सुरू होतात ती जागा असते. मग तुमच्याकडे 'सारखे' कसं आलं? कंपायलरने, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने, काटकसर केली म्हणून. तोच शब्द कोडमध्ये दोनदा दिसला, की जीसीसी हा कंपायलर सहसा त्याची एकच प्रत ठेवतो आणि दोन्ही पॉइंटर तिकडेच वळवतो. पत्ते छापून बघा, एकच आकडा दिसेल. सीचं स्टँडर्ड या काटकसरीची मुभा देतं, सक्ती करत नाही. उद्या दुसऱ्या कंपायलरवर हाच प्रोग्राम 'वेगळे' म्हणाला, तर तोही बरोबरच.

आता एवढंच करा: दुसरा शब्द कोडमध्ये न लिहिता स्कॅनएफने (टाइप केलेलं वाचणाऱ्या फंक्शनने) एका ॲरेत, म्हणजे अक्षरांसाठी राखलेल्या सलग जागेत, घ्या. अगदी तोच शब्द टाइप केलात तरी == 'वेगळे'च म्हणणार, कारण ॲरेची जागा निराळी. पासवर्ड, नाव, गाव या गोष्टी प्रोग्रामात अशा बाहेरूनच येतात. तुमची पद्धत चालली ती नेमकी तिथे, जिथे तुलनेची गरजच नव्हती.

स्ट्रिंगमधली अक्षरं ताडून बघायला सीमध्ये स्ट्रकम्प हे फंक्शन आहे. शब्द सारखे असताना ते शून्य देतं, हे तुम्हाला उलटं वाटतं. ते हो-नाही सांगतच नाही. पहिला शब्द क्रमाने आधी असेल तर ऋण, नंतर असेल तर धन, फरकच नसेल तर शून्य. सॉर्टिंगला तेच लागतं. पण इफ ही अट शून्याला 'नाही' समजते, आणि तिच्यात नुसतं स्ट्रकम्प लिहून मीही फसलोय, तेव्हा इथे भांडत नाही.

कऱ्हाड निवडलंत ते मात्र झकास! त्यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह). यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत ह च्या आधी पहिल्या तऱ्हेत ६ बाइट, दुसरीत ९. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण स्ट्रकम्प त्यांना वेगळंच म्हणेल, कारण ते बाइट बघतं. मूळ लेखात हे नव्हतं. ते ढिसाळ वाक्य दुरुस्त करताना आज हेही घालतो.