‘रस्ता चकाचक, मग ४० ची पाटी कशाला?’ या मेसेजला उत्तर

सध्या आपल्याकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. गावाकडचे रस्ते नवे केले, वर वेगमर्यादेच्या पाट्या ठोकल्या, पांढरे पट्टे ओढले, आणि हा सगळा दंडवसुलीचा डाव आहे, असं त्यात लिहिलंय. शेवटी ‘पाटीकडे बघू नका, पावती फाडू देऊ नका’ असा सल्ला. परवा माझ्या मावसभावानं तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर ‘दादा, वाच एकदा’. तो केज-अंबाजोगाई भागात काळीपिवळी चालवतो. दिवसभर लोकांची लेकरं आणि म्हातारी माणसं गाडीत घेऊन फिरणाऱ्याला हे पटत असेल, तर गप्प कसं बसायचं?

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य हे: ‘खड्डे होते तेव्हा माणसं मरत होती. आता खड्डे गेले, धोका गेला.’

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अपघात अहवाल बघा. त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले खड्ड्यांमुळे १,८५६. अतिवेगामुळे १,१९,९०४. पंचनाम्यात ‘अतिवेग’ लिहून मोकळं होणं पोलिसांना सोपं जातं, हे मलाही माहीत आहे. त्यामुळे त्या आकड्यातून हवं तेवढं वजा करा. अर्धा केलात तरी खड्डे त्याच्या जवळपास येत नाहीत.

खराब रस्ता गाडीला ३०च्या वर जाऊ देत नव्हता, एवढंच. डांबर नवं पडलं, पण वळणं तीच आहेत, रुंदी बहुतेक ठिकाणी तीच आहे, झेडपीच्या शाळेचं फाटक रस्त्यावरच उघडतं. उलट एक गोष्ट बिघडलीय. थरावर थर टाकून रस्ता उंच झाला आणि साइडपट्टी खालीच राहिली. आमच्या फाट्यावर डांबराच्या कडेला वीतभर खोल उतार पडलाय आणि खाली काळी माती. पाऊस झाला की तिथं पाय ठरत नाही, म्हणून शाळेची पोरं दप्तरं घेऊन डांबरावरूनच चालतात. सायकलवाला एकदा खाली उतरला की वर येताना घसरतो. मेसेज लिहिणारा म्हणतो, ‘गावकऱ्यांनी रस्त्यावर यायचंच कशाला?’ मग त्यांनी जायचं कुठून, हे त्यानंच सांगावं.

गाडी थांबायला किती अंतर लागतं, ते रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेस या संस्थेनं ठरवून दिलंय. ४०च्या वेगाला ४५ मीटर, ६०ला ८०, ८०ला १२०. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचे अडीच सेकंद यात धरलेले आहेत. आता उसाचा हंगाम आठवा. रात्री दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं, मागं ना लाइट ना रेडियम, बाजूनं उसाचं वाढं (शेंड्याचा पाला) लोंबतंय. डिपरवर, म्हणजे खाली वळवलेल्या हेडलाइटमध्ये, तो दिसतो तेव्हा मधे ४०-५० मीटर उरलेले असतात. ८०नं येणाऱ्यानं कितीही जोरात ब्रेक दाबला तरी तो ट्रॉलीखालीच जाणार. बीड-लातूरकडं हे कुणाला समजावून सांगावं लागू नये.

‘हळू गेलं तर धंदा बुडतो’ म्हणे. गावातून जाणारा पट्टा दीड किलोमीटरचा धरा. ६०नं गेलात तर दीड मिनिट, ४०नं गेलात तर सव्वादोन. पाऊण मिनिटात कुणाचा धंदा बुडतो?

डिझेलचं म्हणाल, तर पीसीआरए ही इंधन बचतीचं काम करणारी सरकारी संस्था कैक वर्षांपासून ४५ ते ५५च्या वेगाला सगळ्यात कमी इंधन लागतं असं सांगतेय. मर्यादेमुळे रुग्णवाहिकेला उशीर होईल अशी भीती घालायचीही गरज नाही, तातडीच्या कामावरच्या रुग्णवाहिकेला काळजी घेऊन मर्यादेपेक्षा जोरात जायची मुभा नियमातच आहे.

आता मेसेजमधलं ‘गॅझेटमध्ये (सरकारी राजपत्रात) नसलेली पाटी बेकायदेशीर’ हे वाक्य. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे एखाद्या रस्त्यावर वेग कमी करायचा तर सरकारनं किंवा त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्यानं अधिसूचना काढायची आणि पाटी लावायची. काम संपून गेल्यावरही उघड्या माळावर २०ची पाटी तशीच उभी असते, तिच्यामुळे खऱ्या पाटीचीही किंमत जाते. पण पाटीत खोट निघाली म्हणून रस्ता मोकाट होत नाही. अशा रस्त्यांना केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेतली कमाल मर्यादा आहेच: कारला ७०, दुचाकी आणि मालवाहू गाडीला ६०. शिवाय शाळेसमोर ६०नं गाडी काढली तर कलम १८४ खाली धोकादायक चालवण्याचा गुन्हा लागू शकतो, तिथं पाटी असो वा नसो. ‘पावती फाडू देऊ नका’ म्हणणारा तुमच्यासोबत कोर्टात येणार आहे का?

राहिले पट्टे. ‘ठेकेदाराचं बिल वाढवायला रंग फासला.’ बिलात काय झालं ते बिल काढून बघा, माहितीचा अधिकार आहे. पण मधली रेषा तुटक असेल तर समोर मोकळं बघून ओव्हरटेक करता येतं, सलग असेल तर नाही. ती सलग रेषा वळणावर आणि चढावर असते, कारण तिथं समोरचं दिसत नाही. त्या रंगात काचेचे बारीक मणी असतात, हेडलाइट पडला की ते चमकतात. अमावस्येच्या रात्री पावसात डांबर कुठं संपतं आणि तो वीतभर उतार कुठं सुरू होतो, हे कडेच्या पट्टीशिवाय कशानं कळणार?

ठेकेदाराला धारेवर धरायचंच असेल तर साइडपट्टीच्या मुरमासाठी धरा. तो भरून, दाबून घेतल्याशिवाय काम पूर्ण झालं असं म्हणता येत नाही. बांधकाम उपविभागाला द्यायचा अर्ज मी लिहून ठेवलाय. मावसभावानं तो स्टँडवरच्या सगळ्या काळीपिवळीवाल्यांकडून सह्या करून आणावा, पहिली सही माझी आहे.