मोन्तायूच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर: छळणाऱ्यांच्या कागदावर विश्वास किती ठेवायचा?

नमस्कार.

दक्षिण फ्रान्समधल्या मोन्तायू गावावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. उत्तर लांबत गेलं, म्हणून स्वतंत्रपणे देते आहे.

मागचा लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. युरोपचं मध्ययुग हे अंधारयुगच होतं, चर्चने पृथ्वी सपाट म्हटली, चेटकिणी जाळल्या, हजार वर्षं माणसांची तोंडं बंद ठेवली. अशा चर्चच्या न्यायासनापुढे चौदाव्या शतकात घेतलेल्या मोन्तायूच्या जबान्यांना मी ‘गावकऱ्यांचं मोकळं बोलणं’ म्हटलं, म्हणजे छळणाऱ्यांचंच वकीलपत्र घेतलं. गोव्यातल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, इतिहास ठाऊक असलेल्या मराठी बाईने तरी हे करायला नको होतं. आणि सगळ्यात शेवटी, त्या जबान्यांतल्या बेआत्रिसचं पुढे काय झालं तेही मी सांगितलं नाही.

‘मोकळं’ हा शब्द चुकला. तो मी मागे घेते. पामियेचा बिशप जाक फुर्निये समोर बसलाय, लेखनिक टाक सरसावून बसलाय, आणि उत्तर आवडलं नाही तर आलेमांच्या कोठडीत रवानगी. अशा ठिकाणी कोणी मोकळं बोलत नाही. शिवाय या लोकांच्या पाठीशी काय इतिहास होता? १२०९ साली बेझिए शहरात झालेली कत्तल. १६ मार्च १२४४ला मोंसेगूरच्या पायथ्याशी एकाच दिवशी जाळलेले दोनशेहून अधिक कॅथर, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेल्या पंथाचे लोक. आणि खुद्द मोन्तायूत १३०८ साली कारकासोनच्या इन्क्विझिटरने गावातली सगळी प्रौढ माणसं एकदमच धरून नेली होती. अडीचशे वस्तीचं डोंगरातलं गाव ते. दहा-बारा वर्षांनी त्यांतलीच माणसं फुर्नियेसमोर उभी राहिली, तेव्हा प्रत्येकाला माहीत होतं की एक नाव तोंडातून निसटलं की कोणाच्या तरी घराला कुलूप लागणार.

पण म्हणून त्या जबान्या टाकून द्यायच्या का? इथे माझा तुमच्याशी मतभेद आहे.

या जबान्यांची वही तयार कशी झाली ते पाहू. १३१८ ते १३२५ या काळात फुर्नियेने ५७८ वेळा चौकश्या घेतल्या. माणसं बोलत ती ऑक्सितानमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत. लेखनिक ते लॅटिनमध्ये टिपून घेई. मग मजकूर पुन्हा बोलीत सांगून जबानी देणाऱ्याला ऐकवत, दुरुस्त्या करत, आणि शेवटी चर्मपत्रावर साफ प्रत काढत. ती प्रत आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. म्हणजे आपण वाचतो ते जबानी देणाऱ्या बाईचे शब्द नव्हेत. बोलीतून लॅटिनमध्ये गेलेलं, ‘मी’चं ‘ती’ झालेलं, प्रश्न बरेचसे गाळलेले आणि उत्तरं सलग जोडलेली, असं काहीतरी ते आहे. हे मी मागच्या लेखात सांगायला हवं होतं.

आता याच वहीतली दोन माणसं शेजारी ठेवते.

पहिला गियोम आगासा, पामियेच्या कुष्ठरोग्यांच्या वसतिगृहाचा प्रमुख. १३२१च्या उन्हाळ्यात फ्रान्सभर वावडी उठली की कुष्ठरोगी विहिरींत विष कालवताहेत. ठिकठिकाणी त्यांना जाळलं गेलं. आगासाचा छळ झाला आणि त्याने सगळं ‘कबूल’ केलं: कुष्ठरोग्यांची गुप्त सभा, विषाच्या पुड्या, कटामागे ग्रानादाचा सुलतान. ही कबुली वाचताना अंगावर काटा येतो, कारण ती रस्त्यावरच्या वावडीशी अक्षरशः जुळते. विचारणाऱ्याला जे ऐकायचं होतं तेच, तितकंच आणि त्याच क्रमाने. या कबुलीबद्दल तुमचा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. कुष्ठरोग्यांविषयी ती काहीच सांगत नाही. सांगते ती विचारणाऱ्यांच्या डोक्यातल्या भीतीविषयी.

दुसरी बेआत्रिस द प्लानिसोल, मोन्तायूच्या किल्लेदाराची विधवा. पहिल्या बोलावण्यानंतर ती घाबरून पळाली, १३२०च्या ऑगस्टमध्ये पकडली गेली, तेव्हा तिच्या सामानात काही वस्तू सापडल्या: दोन नातवंडांच्या वाळलेल्या नाळा, रक्ताचे डाग पडलेलं कापड, धुपाचे खडे, आरसा, छोटी सुरी, शिळ्या पावाचा तुकडा. बिशपला चेटकाचा वास आला. बेआत्रिसने काय सांगितलं? मुलग्यांच्या नाळा जवळ असल्या की कोर्टात खटला हरत नाही, असं एका बाटलेल्या ज्यू बाईने मला सांगितलंय. कापडावरचं रक्त माझ्या मुलीच्या पहिल्या पाळीचं; ते जावयाला पाजलं की तो दुसऱ्या बाईकडे बघणार नाही म्हणे. धूप मुलीच्या डोकेदुखीवर.

हे उत्तर कोणत्या छळणाऱ्याने तिच्या तोंडी घातलं असेल? बिशपला हवा होता सैतान, आणि समोर आली लेकीच्या संसाराची काळजी करणारी आई. वहीत अशा गोष्टी जागोजागी आहेत. पाखंडाबद्दल बोलताना बेआत्रिस सहज सांगून जाते की पिएर क्लेर्ग हे सगळं बोलत असताना मी त्याच्या डोक्यातल्या उवा काढत होते. खटल्याला या उवांचा काडीचाही उपयोग नव्हता, म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसतो. प्रश्नाला ज्याची गरज नव्हती आणि तरीही जे वहीत उतरलं, ते आधी वाचायचं. प्रश्नकर्त्याला जे हवं होतं ते सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जास्त संशयाने. या अभ्यासातलं निम्मं कसब हेच आहे.

आता हा पिएर क्लेर्ग कोण? मोन्तायूचा पाद्री. चर्चचा गावातला प्रतिनिधी, दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, वसूल करणारा, आणि कॅथर पंथाला आतून धरून असलेला. त्याचा भाऊ सरदाराचा कारभारी. गावातल्या कितीतरी बायकांशी क्लेर्गचे संबंध होते. कारकासोनच्या न्यायासनाला हाताशी धरून तो आपल्या वैऱ्यांना अडकवत असे आणि नातलगांना वाचवत असे. शेवटी फुर्नियेने त्यालाच तुरुंगात टाकलं आणि तिथेच तो मेला. तुम्ही ‘चर्चने’ असं एका दमात लिहिता, तेव्हा यातलं कोण डोळ्यांसमोर असतं? बिशप, हा पाद्री, की कोकरांवरही दशमांश द्यायला लावला म्हणून बिशपवर खवळलेले, पण रविवारी प्रार्थनेला जाणारे मेंढपाळ? ग्राझिद लिझिए नावाच्या तरुण शेतकरी बाईने तर स्वर्ग असेल असं वाटतं, पण नरकावर विश्वास नाही, असं बिशपला तोंडावर सांगितलं. तीही त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेली. तोंडं बंद असती तर ही वही इतकी जाड झाली नसती.

सपाट पृथ्वी आणि चेटकिणींबद्दल लांबण लावत नाही. तेराव्या शतकापासून युरोपच्या विद्यापीठांत साक्रोबोस्कोचं खगोलशास्त्राचं पाठ्यपुस्तक शिकवत, त्यात पृथ्वी गोल आहे. चेटकिणींच्या मोठ्या शिकारी मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकातल्या, म्हणजे ज्याला आपण प्रबोधनाचा आणि नंतरचा काळ म्हणतो तेव्हाच्या. आणि ‘अंधार’ ही उपमा रोमच्या वैभवासाठी झुरणाऱ्या पेत्रार्क या इटालियन कवीने चौदाव्या शतकात रूढ केली.

पण अंधारयुग या शब्दाला माझी खरी हरकत वेगळी आहे. तो शब्द वापरला की क्रौर्य कुठून आलं ते दिसेनासं होतं. १२१५च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या मोठ्या सभेने, दिव्य करून न्याय ठरवण्याच्या विधीत भाग घ्यायला पाद्र्यांना बंदी केली. तापलेलं लोखंड हातात घेऊन खरं-खोटं ठरवायची प्रथा त्यामुळे मोडीत निघाली. आपल्याकडे दिव्य पेशवाईपर्यंत चाललं, तेव्हा हे पाऊल केवढं मोठं होतं ते आपल्याला सांगायला नको. पण दिव्य गेल्यावर सत्य ठरवायचं कसं? साक्षी, कागद, उलटतपासणी आणि कबुली. कबुलीचं मोल वाढलं, आणि १२५२ साली पोप चौथ्या इनोसंटने ती मिळवण्यासाठी छळाला परवानगी दिली. आगासाचा छळ अडाण्यांच्या रानटीपणातून आला नाही. तो शिकलेल्या, कायदा जाणणाऱ्या, पुरावा मागणाऱ्या माणसांच्या पद्धतीतून आला. मला हे अंधारापेक्षा कितीतरी जास्त भयंकर वाटतं, आणि म्हणूनच मी हा काळ शिकते.

गोव्याचं तुम्ही काढलंत ते बरं झालं. गोव्याचं इन्क्विझिशन १५६०चं. पामियेच्या बिशपाचं न्यायासन आणि पोर्तुगीज राजसत्तेच्या आश्रयाने चाललेलं ते न्यायालय यांत मोठा फरक आहे, पण जखम आपली आहे आणि तुमचा राग मला समजतो. तिथे काय झालं पाहा. १८१२ साली ते कायमचं बंद झालं आणि खटल्यांची बहुतेक कागदपत्रं नष्ट झाली. नावांच्या आणि शिक्षांच्या याद्या उरल्या. घरात तुळस ठेवली म्हणून, जेवणात डुकराचं मांस टाळलं म्हणून धरून नेलेल्या बाईने न्यायासनापुढे काय सांगितलं असेल, ती कोणाबद्दल गप्प राहिली असेल, तिच्या बोचक्यात काय सापडलं असेल, ते बहुतेक ठिकाणी आता कळायचा मार्ग नाही. मोन्तायूच्या उवा वाचताना मला दर वेळी गोव्याच्या त्या गेलेल्या कागदांची आठवण होते. तसली एक वही गोव्याची मिळाली असती, तर छळणाऱ्यांनी लिहिलेली म्हणून तुम्ही ती बाजूला ठेवली असती का?

जाता जाता एक. ज्या पोप बाविसाव्या जॉनने फुर्नियेला बिशप केलं, त्यानेच पुढे जॉर्डनस नावाच्या दक्षिण फ्रान्समधल्या डोमिनिकन साधूला कोल्लमचा बिशप नेमलं. हा जॉर्डनस १३२१ साली आपल्या ठाण्यात होता. त्याच्याबरोबर आलेल्या चार फ्रान्सिस्कन साधूंना ठाण्यात एप्रिलमध्ये ठार मारलं गेलं आणि त्याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. त्याच्या वर्णनात आपला फणसही येतो: एक फळ पाच माणसांना पुरतं म्हणे. ठाण्याबद्दलच्या त्याच्या पत्रालाही तेच प्रश्न विचारावे लागतात: कोणी लिहिलं, कोणासाठी, आणि त्या गरजेपलीकडचं त्यात काय उतरलं. फणस मी निःशंकपणे मान्य करते. हौतात्म्याचं वर्णन जपून वाचते.

आता बेआत्रिस. मार्च १३२१मध्ये तिला कैदेची शिक्षा झाली. तिच्याबरोबर पकडलेला तिचा शेवटचा जोडीदार, बार्तेलमी आमिल्याक, हाही पाद्रीच. जुलै १३२२मध्ये दोघंही एकाच दिवशी सुटली. बेआत्रिसने मात्र त्यापुढे अंगावरच्या कपड्यांवर कापडाचे दोन पिवळे क्रूस शिवून वावरायचं होतं, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्याला ती कोण ते लांबूनच कळावं. आमिल्याकला क्रूस नव्हते.